गोळ्या, उपास आणि आजारी भाऊ: एका ताईंच्या पत्राला उत्तर

ताई, सलाम.

हे उत्तर इतरही वाचणार आहेत, म्हणून तुमची हकिकत आधी थोडक्यात मांडतो. धाकटा भाऊ मंडळीत, म्हणजे तुमच्या चर्चमध्ये, कीबोर्ड वाजवायचा. मागच्या वर्षी त्याची झोप उडाली. रात्र रात्र प्रार्थना, भराभर बोलणं, हातातला पगार वाटून टाकणं, नोकरीचा राजीनामा, 'प्रभूनं मला सेवेला बोलावलंय' अशा साक्षी. मंडळी भारावली होती. पोरावर पवित्र आत्म्याचा अभिषेक आलाय, असं सगळे म्हणत होते. मग तो कोसळला. अंथरुणातून उठेना, आंघोळ करेना. तेव्हा त्याच लोकांनी म्हटलं, याला दुष्टात्म्यानं धरलंय, नाहीतर यानं काहीतरी पाप लपवलंय. डॉक्टरांनी बायपोलर आजार सांगितला, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य, त्यावर लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या, आणि आता तो बराच सावरलाय. पण मंडळीतले एक एल्डर, म्हणजे वडील-पदावरचे गृहस्थ, म्हणतात, गोळ्या घेणं हा अविश्वास आहे. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, गोळ्या टाकून चाळीस दिवस उपास धर, सुटका होईल. एका प्रवचनकारानं आईला सांगितलंय की तिचे आजोबा पोतराज होते, तो शाप घरात उतरलाय. आणि भावाला पुन्हा कीबोर्डवर बसू देतील का, हेही तुम्ही शेवटी विचारलंय.

मी दीक्षा घेतलेला पाळक आहे आणि इस्पितळातल्या मनोविकार विभागात चॅप्लेनचं, म्हणजे रुग्णांना आत्मिक आधार देणाऱ्या पाळकाचं, काम करतो. औषध लिहून देणं माझं काम नव्हे. तरी सुरुवात गोळ्यांपासूनच करतो, कारण तिथे जिवाला धोका आहे.

लिथियम चालू असलेल्या माणसानं कडक उपास धरायचा नाही. निर्जळी तर मुळीच नाही. लिथियम हा क्षार आहे; जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ साली त्याचा उन्मादावरचा उपयोग दाखवून दिला. तो मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंडं मिठासोबत लिथियमही धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढते. उपयोगाची पातळी साधारण ०.६ ते १.० आणि १.५ च्या पुढे विषबाधेची भीती, म्हणजे मधली जागा फार नाही. लेंट येतो उन्हाच्या तोंडावर. रिकामं पोट, घाम, कमी पाणी, त्यात डोकं दुखलं म्हणून दुकानातून आणलेली आयबुप्रोफेनची गोळी, एवढ्यावर माणूस अतिदक्षता विभागात पोचू शकतो. हात जोरात थरथरायला लागले, उलट्या-जुलाब सुरू झाले, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, जीभ जड झाली, तर प्रार्थनेसाठी कुणाची वाट न बघता त्याला घेऊन इस्पितळ गाठा. प्रार्थना रिक्षात करता येते.

गोळ्या एकाएकी टाकल्या तर दुसरा धोका. आजार उलटतो, बहुतेकदा आधीपेक्षा जोरात, आणि आत्महत्येची शक्यता वाढते. तिसरी गोष्ट झोपेची. बायपोलर असलेल्या माणसाची झोप मोडली की तेवढ्यानंही उन्मादाची लाट येऊ शकते. म्हणून रात्रभराच्या प्रार्थनासभा तुमच्या भावाला वर्ज्य. इथे मी मवाळ शब्द वापरणार नाही. पहाटेच्या प्रार्थनेला त्यानं जरूर जावं, रात्री वेळेवर झोपून.

उपास धरायचाच असेल तर धरण्यासारखं पुष्कळ आहे. चहा सोडा, मटण सोडा, मोबाईल सोडा. कॅथलिक चर्चमध्ये तर आजारी माणसाला उपासातून सूट असते. आणि यशयाच्या ५८ व्या अध्यायात देव स्वतः सांगतो की त्याला कुठला उपास आवडतो: जुलमाच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं. त्या यादीत गोळ्या टाकणं नाही.

एल्डरांशी वाद घालू नका. ते स्वतः बीपीची गोळी घेतात का, हे विचारायचा मोह मलाही होतो, पण त्यानं भांडण वाढतं, मन बदलत नाही. डॉक्टरांकडून साध्या मराठीत दोन ओळींची चिठ्ठी घ्या: 'लिथियम चालू आहे. उपास आणि जागरण टाळावे.' ती पाळकसाहेबांच्या हातात द्या, एल्डरांच्या नव्हे. आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीला अजून वजन आहे, आणि पाळकांनाही 'मी नाही, डॉक्टर म्हणतात' असं म्हणायची सोय होते.

गोळी म्हणजे अविश्वास, हा विचार पवित्र शास्त्रातून आलेला नाही. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो. लखनौचं नूर मंझिल हे मनोविकार केंद्र १९५० साली ई. स्टॅनली जोन्स यांनी सुरू केलं. हे जोन्स जगभर गाजलेले सुवार्तिक. भारतातल्या सुरुवातीच्या वर्षांत ते स्वतः पार खचून गेले होते, आणि आपल्याला बळ मिळालं ते प्रार्थनेत, असंच ते सांगत. असा माणूस पुढे केंद्र उभारतो ते मनोविकारतज्ज्ञांचं. आपल्याला जे प्रार्थनेत मिळालं ते प्रत्येकाला त्याच वाटेनं मिळेल, असा हट्ट त्यांनी धरला नाही.

'मधुमेहाची गोळी घेतोस ना, तशीच ही' असं आम्ही चॅप्लेन लोक नेहमी सांगतो. ते अर्धंच खरं आहे. साखर वाढली म्हणून कुणाला आपण देवाचे निवडलेले संदेष्टे आहोत असं वाटत नाही, आणि साखर घटली म्हणून आपल्याला क्षमाच नाही असंही वाटत नाही. मनाचा आजार माणसाच्या विश्वासाच्या आतच शिरतो, प्रार्थनेची भाषा उचलतो. म्हणून मंडळी गोंधळते, आणि म्हणूनच नुसत्या डॉक्टरनं भागत नाही. पाळकाचं काम इथे सुरू होतं.

तुमच्या पत्रातली सगळ्यात बोचणारी गोष्ट माझ्या मते ही: एकाच आजाराला मंडळीनं चढतीच्या काळात पवित्र आत्मा म्हटलं आणि उतरतीच्या काळात सैतान. दोन्ही वेळा आजारी माणूस तोच होता. चढतीत तो मोठ्यानं प्रार्थना करत होता, देणगी देत होता, सभा रंगवत होता, म्हणून आपल्याला आवडला. उतरतीत त्याच्याकडून काही मिळेना. उन्मादाचा झटका घरातली भाषा बोलतो. ख्रिस्ती घरात त्याला प्रभूचं बोलावणं येतं, दुसऱ्या घरात देवी अंगात येते, राजकारणी घरात तो मध्यरात्री मंत्र्याला फोन लावतो.

मग खरा आत्मिक आवेश ओळखायचा कसा? मी पाळकांना झोपेबद्दल विचारायला सांगतो. भक्तीनं रात्रभर जागलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी पेंगतो. उन्मादातला माणूस चार रात्री जागूनही ताजातवाना असतो, त्याला झोपेची गरजच वाटत नाही. दुसरं, पैसा कसा जातोय ते बघा. तिसरं, 'दोन आठवडे थांबून ठरवू' असं म्हटल्यावर तो थांबू शकतो का, की अंगावर धावून येतो? गलतीकरांच्या पत्रात आत्म्याच्या फळांची यादी आहे. ती प्रीतीपासून सुरू होते आणि संपते संयमावर. साक्षी ऐकताना आपण त्या शेवटच्या फळाकडे फारसं बघत नाही.

आणि एक गोष्ट पाळकसाहेबांना पटणार नाही, तरी लिहितो. त्या चढतीच्या काळात तुमच्या भावानं मंडळीला जी देणगी दिली, ती मंडळीनं परत करावी. शुद्धीत नसलेल्या माणसानं दिलेला पैसा दानपेटीत शोभत नाही. बरा झाल्यावर त्यातलं त्याला जे द्यावंसं वाटेल ते तो देईल.

आता दुष्टात्म्याचं. शुभवर्तमानात दुष्टात्मे आहेत, ते मी नाकारत नाही. पण मत्तय ४:२४ उघडून बघा. येशूकडे आणलेल्या लोकांच्या यादीत भूतग्रस्त वेगळे, फेफरेवाले वेगळे, पक्षाघाताचे वेगळे मांडलेले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी लिहिणाऱ्यालाही सगळं एकच वाटत नव्हतं. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट म्हटलंय की आजार, विशेषतः मानसिक आजार, हा वैद्यकाचा विषय आहे, आणि अपदूत काढण्याचा विधी करण्याआधी समोर आजार नाही याची खात्री करून घ्यायला हवी. त्या विधीला बिशपांची परवानगी लागते. ही सावधगिरी उगाच आलेली नाही. १९७६ साली जर्मनीत फेफऱ्याचा आजार असलेली २३ वर्षांची एक विद्यार्थिनी महिनोन् महिने असे विधी चालू असताना उपासमारीनं मेली. आईवडील आणि दोन धर्मगुरू निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याबद्दल न्यायालयात दोषी ठरले. आपल्या देशात ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याच्या आसऱ्यानं चाललेल्या एका निवाऱ्यात आग लागली आणि साखळीनं बांधलेले पंचवीसहून जास्त मनोरुग्ण जागच्या जागी जळाले. त्यांना तिथे आणलं होतं घरच्यांनीच, बरं वाटेल म्हणून.

कायदाही माहीत असू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मनोरुग्णाला साखळीनं बांधण्यावर बंदी घातली आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे गुन्हे ठरवतो. तो फक्त मांत्रिकांसाठी आहे असं आपल्यातल्या काही लोकांना वाटतं. तसं काही नाही.

तरीही मंडळीला प्रार्थना करायची असेल तर करू द्या. याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांनी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असं सांगितलंच आहे, आणि हातांच्या त्या स्पर्शानं माणसाला धीर येतो, हे मी वॉर्डात नेहमी बघतो. अटी घाला: भावाची स्वतःची इच्छा हवी, घरचं कुणीतरी शेजारी हवं, आरडाओरडा नको, 'याच्यातून निघ' असली भाषा नको, तो 'बस' म्हणाला की थांबायचं, आणि रात्रीची गोळी वेळेवर. अटी ऐकूनच कुणी रागावत असेल तर उत्तर मिळालं असं समजा.

आईंकडे येतो. योहान ९ मध्ये शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. आईंना एवढंच वाचून दाखवा, वर प्रवचन नको. शापाचं म्हणाल तर यहेज्केलाचा १८ वा अध्याय याच गोष्टीसाठी लिहिला गेलाय असं वाटावं. बापानं आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात यापुढे चालणार नाही, असं देव तिथे बजावतो. आजोबा पोतराज होते. अंगावर आसूड ओढून घेत दारोदार हिंडून त्यांनी घर जगवलं. 'पूर्वजांचा शाप' हे प्रवचन हल्ली फार चालतं, आणि ते आपल्या गरीब, राबलेल्या आज्या-आजोबांनाच गुन्हेगार करतं, याची मला चीड आहे. बायपोलर आजार काही घरांत पिढ्यांतून उतरतो, हे वैद्यकही सांगतं. पण ती शरीराची ठेवण झाली. त्यात कुणाचा गुन्हा नाही आणि कुणाला पश्चात्ताप करायचा नाही.

'याचा विश्वास कमी पडला' हे वाक्य तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी आहे. मार्क २ मध्ये पक्षाघाती माणसाला चौघे जण उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटतात आणि खाट खाली सोडतात. येशूनं 'त्यांचा विश्वास' पाहिला, असं तिथे लिहिलंय. खाटेवरच्या माणसाचा विश्वास किती होता, याची कुणी चौकशी केली नाही. त्याच्या तोंडी त्या गोष्टीत एक शब्दसुद्धा नाही. नैराश्यातल्या माणसाला प्रार्थना जमत नाही, कारण एक ओळ वाचून होईपर्यंत मागची विसरलेली असते. त्या दिवसांत विश्वास धरायचा तो खाट उचलणाऱ्यांनी. विश्वास कमी पडला असेल तर तो कुणाचा, हे मंडळीनं आपल्याकडे बघून ठरवावं.

बरं न होणाऱ्यांबद्दल पवित्र शास्त्र गप्प नाही. पौलानं अंगातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. दोन्ही पायांनी लंगडा असलेला मफीबोशेथ २ शमुवेल ९ मध्ये दावीदाच्या पंगतीला रोज जेवतो, आणि अध्यायाच्या शेवटच्या वाक्यातही तो लंगडाच आहे. पंगतीला बसायला पाय बरे व्हावे लागले नाहीत. ८८ वं स्तोत्र काळोखावर संपतं, शेवटी आशेची ओळ जोडलेली नाही, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे आणि उपासनेत वाचलं जातं. पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. नॅन्सी आइसलँड या अमेरिकन अभ्यासक जन्मतः हाडांच्या व्यंगासह जगल्या. १९९४ साली त्यांनी याच खुणांवरून असं मांडलं की गौरवलेल्या शरीरातही जखमा असतील, तर अपंग शरीर देवाच्या प्रतिरूपात कमी पडतं असं म्हणता येत नाही. आपल्या व्यासपीठांवरून साक्ष फक्त बरं झालेल्यांची होते. गोळ्या घेऊन, पडत-उठत विश्वासात टिकलेल्या माणसाला साक्ष द्यायला कधी बोलावतात का, विचारून बघा.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण भाऊ विचारेल. कदाचित मनात विचारतही असेल. 'त्या वेळी देव माझ्याशी बोलला, ते सगळं खोटं होतं का?' सावरलेल्या माणसाला हा प्रश्न आजाराइतकाच छळतो, आणि इथे घाई करणारे दोन्हीकडचे लोक नुकसान करतात. 'हो, तो आजारच होता, विसर' असं म्हटलं तर त्याच्या देवाबरोबरच्या सगळ्याच नात्यावर संशय येतो. उद्या साधी प्रार्थना करतानाही तो घाबरेल. 'नाही, ते खरंच बोलावणं होतं' म्हटलं तर पुढचा झटका आपण बोलावून घेतो. मी म्हणतो, आत्ता ठरवायचं नाही. झोप किती उडाली, मेंदूचा वेग किती वाढला, हे डॉक्टर सांगू शकतात. देव त्या दिवसांत कुठे होता, हे रिपोर्टात येत नाही. सहा महिने, वर्षभर नीट झोप झाल्यावर, एखाद्या समंजस पाळकाबरोबर बसून तो स्वतः निवडेल, काय ठेवायचं आणि काय सोडायचं.

अँटन बॉइसन यांचं आयुष्य याच प्रश्नावर उभं आहे. १९२० साली या अमेरिकन पाळकाला तीव्र मनोविकारामुळे इस्पितळात ठेवावं लागलं, महिनोन् महिने. आपल्याला झालं ते आजारपण होतं हे त्यांनी मान्य केलं, पण त्यात देवाचा शोधही होता हे सोडलं नाही. १९२४ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या मनोरुग्णालयात चॅप्लेन झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी तिथे आणून त्यांना रुग्णांकडून शिकायला लावलं. आज जगभर चॅप्लेन लोकांना जे प्रशिक्षण मिळतं, माझ्यासह, त्याची एक सुरुवात ती. १९३० आणि १९३५ साली त्यांना पुन्हा झटके आले. ते पुन्हा कामावर परतले.

मंडळीनं आता करायचं काय? भेटायला या, पण पंधरा-वीस मिनिटं. एलीया संदेष्ट्याची गोष्ट लक्षात ठेवा. तो झुडपाखाली पडून 'मला मरण दे' म्हणाला, तेव्हा दूतानं त्याला उठवून भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. 'तू इथे काय करतोस' हा प्रश्न चाळीस दिवसांनी, डोंगरावर गेल्यावर विचारला गेला. आपले लोक तो प्रश्न दारातच विचारतात. त्यापेक्षा डबा आणा, आईंना दोन तास झोपू द्या, रक्ततपासणीला बरोबर जा. लिथियमची पातळी तपासायला रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं, म्हणजे सकाळी कुणीतरी गाडी घेऊन यायला हवं. तरुण संघातल्या एखाद्या पोरानं ते काम उचललं तर ती प्रार्थनाच आहे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'अमक्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, प्रार्थना करा' असले निरोप बंद करायला लावा. भावाला विचारून, तो म्हणेल तेवढंच टाका. 'आजारी आहे' पुरतं. देवाला आजाराचं नाव कळवायची गरज नसते.

उपासनेत तो पेंगला तर रात्रीच्या गोळीचा अंमल असू शकतो. डॉक्टरांना वेळ बदलता येते का ते विचारा. काही औषधांनी पाय स्वस्थ बसत नाहीत, आतून तगमग होते. माणूस उठून दाराबाहेर येरझाऱ्या घालतो. त्याला हाताला धरून परत बसवू नका, शेवटचा बाक त्याच्यासाठी मोकळा ठेवा. आणि प्रभूभोजन. तुमच्याकडे ट्रेमध्ये छोटे ग्लास फिरवतात असं दिसतं. लिथियमनं बोटं बारीक थरथरतात, आणि तो अंगठ्याएवढा काठोकाठ भरलेला ग्लास ट्रेमधून उचलताना सांडतो. शेजारचे बघतात. पुढच्या महिन्यात माणूस प्रभूभोजनाच्या रविवारी घरीच राहतो, आणि मंडळी म्हणते, हा विश्वासात थंड पडला. त्याचा ग्लास अर्धाच भरा, किंवा भाकर द्राक्षरसात बुडवून द्या. दोन मिनिटांचं काम आहे, कुणाला कळतही नाही.

नुसतं नैराश्य असलेल्यांसाठी मंडळीतल्या बायका-पुरुषांना शिकवून तयारही करता येतं. गोव्यात 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर चांगला उपयोग होतो हे दाखवलंय. बायपोलरला मात्र तज्ज्ञ डॉक्टर हवाच.

२०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात मानसिक आजार हा २१ अपंगत्वांपैकी एक आहे. नोकरी-शिक्षणात अडचण राहिली तर प्रमाणपत्राचा विचार करा. लाजेखातर सोडू नका. आणि भाऊ आत्ता सावरलेला असतानाच, पुन्हा आजारी पडलो तर कसे उपचार हवेत आणि माझ्या वतीनं कुणी बोलावं, हे त्याच्याकडून लिहून घ्या. २०१७ च्या कायद्यानं त्याला तो हक्क दिलाय.

मरणाची भाषा त्याच्या तोंडी आली तर घाबरून विषय बदलू नका. सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला जागा मिळते. गोळ्यांचा साठा तुमच्याकडे ठेवा. लिथियम जास्त प्रमाणात घेतलं तर जीवघेणं आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. पोलीस केसच्या भीतीनं इस्पितळ टाळू नका. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो.

कीबोर्डचं. हो, बसू द्यावं, पण थेट रविवारच्या मोठ्या सभेत नको. आधी गुरुवारच्या कॉटेज मीटिंगला, म्हणजे कुणाच्या घरी होणाऱ्या छोट्या प्रार्थनासभेला, दोन गाणी, शेजारी दुसरा वाजवणारा. त्याच्या बोटांना कंप असेल तर जलद चालीची गाणी दुसऱ्यानं घ्यावीत, त्यानं संथ भजनं धरावीत. रात्री नऊला घरी. पुढे वाजवताना तो पुन्हा अति रंगात यायला लागला, झोप कमी व्हायला लागली, तर त्याला आधी सांगायचं कुणी, हे त्यानंच आज ठरवावं. माझा अंदाज, तो तुमचंच नाव घेईल.